परिचारिकेच्या शिक्षणाची शिडी

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिकांच्या सेवाभावाची मुक्तकंठाने स्तुती होते. त्या स्तुतीबद्दल आमची तक्रार नाही. परंतु केवळ सेवाभावाने प्रसूतीनंतरचा धोका ओळखता येत नाही. त्यास शिक्षण लागते. ते कोणास किती मिळते, हा विचार मात्र समारंभाबरोबरच संपतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांना हा विषय परका नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, तेव्हापासून या भागात आधुनिक रुग्णसेवेची परंपरा रुजली. आज कराड व सांगली येथे परिचर्येची पदवी देणारी महाविद्यालयेही उभी आहेत.

या शिक्षणाच्या मुख्य पायऱ्या तीन: सहायक परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जनरल नर्सिंगची पदविका तीन वर्षांची आणि बी. एस्सी.ची पदवी चार वर्षांची. अधिक शिक्षणाने रोग्याचे रक्षण होते, हा निव्वळ तर्क नव्हे. युरोपातील नऊ देशांच्या पाहणीत, २०१४ साली, असे दिसून आले की, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल तेथे शस्त्रक्रियेचा रोगी दाखल झाल्यापासून तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी असते.

आता आपल्याकडील विपर्यास पाहा. शहरातील पदवीधर परिचारिकेच्या हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. उलट जावळी वा शिराळ्याच्या डोंगरात, तीन हजार वस्तीमागे एक अशा हिशेबाने मंजूर होणाऱ्या उपकेंद्रात, मुख्य भिस्त सहायक परिचारिकेवर असते. काही ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी आले, हे स्वागतार्हच आहे. परंतु ते पद रिक्त असेल तेथे बाळंतिणीस खाली केव्हा न्यावे, याचा निर्णय हिनेच करावयाचा. म्हणजे ज्यांना सर्वांत थोडे शिकविले, त्यांच्यावरच सर्वांत एकाकी जबाबदारी!

अनुभव हाच खरा गुरू, असे यावर कोणी म्हणेल. आम्हांस ते बव्हंशी मान्य आहे. दहा वर्षे प्रसूती केलेल्या बाईंची नजर नवपदवीधरेस कोठून असणार? परंतु मग त्या अनुभवाची किंमत आपण काय करतो? सहायक परिचारिकेस पदवी हवी असेल, तर दोन वर्षांनंतर पदविकेची तीन आणि पुढे पदवीची दोन, अशी सात वर्षे शिक्षणातच घालवावी लागतात. थेट प्रवेश घेणारीस चार पुरतात. संसार सांभाळून नोकरी करणाऱ्या स्त्रीस ही शिडी नव्हे, भिंतच आहे.

परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. त्याच्या निमित्ताने शासनाने दोन गोष्टी कराव्यात. सेवेची वर्षे जमेस धरणारा, पगारी रजेसह पुरा करता येणारा संक्षिप्त अभ्यासक्रम जिल्ह्यातच सुरू करावा; आणि वाढलेल्या शिक्षणास अनुरूप पद व वेतन द्यावे. डोंगरातील बाळंतिणीच्या जिवाचे मोल शहरातील रोग्याहून कमी नाही, एवढे मान्य असेल, तर तिच्या उशाशी बसणारीस अर्ध्या पायरीवर थांबविण्याचा अधिकार कोणासही नाही.