वडापातील बालके : एक प्रत्युत्तर

संपादक महाशय,


तासगाव-सांगली मार्गावरील वडापात, म्हणजे सामायिक भाड्याच्या जीपमध्ये, बालकांसाठी निराळे आसन मागणे हे शहरी थेर होय आणि मातेच्या मांडीइतके निर्धोक स्थान दुसरे नाही, असा जो अभिप्राय गतांकातील पत्रलेखकांनी व्यक्त केला आहे, तो त्यातील वात्सल्याविषयी आदर बाळगूनही ग्राह्य मानता येत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची जीप धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर 10 किलोंच्या मुलाला आवरण्यास सुमारे 200 किलोंचा भार पेलावा लागतो. तेवढा पहिलवानालाही पेलत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दाखल झालेले कलम 194ब तर 14 वर्षांखालील मूल पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित न करता वाहन हाकणाऱ्यास 1,000 रुपये दंड फर्मावते. प्रत्यक्षात लेकुरवाळी गिअरच्या दांड्याला गुडघे टेकवून पुढे बसते आणि पट्ट्याचे बक्कल सीटकव्हराखाली गाडलेले असते. बालआसनाच्या खर्चाची त्या पत्रलेखकांची तक्रार रास्त आहे. तथापि थोरल्या मुलांना मागील आसनावर स्वतंत्र पट्टा आणि भाड्याच्या मोटारीत घरचे बालआसन बसविण्याची मुभा एवढे तरी चालकांनी बिनतक्रार द्यावे, व पासिंगच्या वेळी अंमलदारांनी प्रत्येक पट्टा ओढून पाहावा.

कळावे,
आपला,
एक वाचक, तासगाव