दुरुस्ती की नवी खरेदी?

घरातला जुना टेपडेक बंद पडला की पहिला सल्ला ठरलेला असतो : दुरुस्तीच्या खर्चात थोडी भर घातलीत तर नवे काहीतरी येईल. हिशेब म्हणून सल्ला चोख आहे. आमचा आक्षेप त्यातल्या गृहीतकाला आहे. यंत्र सगळेच्या सगळे एकदम म्हातारे होते, असे त्यात धरलेले असते.

प्रत्यक्षात एकाच पेटीतल्या भागांची आयुष्ये निरनिराळी असतात. ट्रान्सफॉर्मर अनेक दशके सहज टिकतो. कपॅसिटरमधला द्रव मात्र उष्णतेने सुकत जातो, टेपडेकचा रबरी पट्टा सैल पडतो किंवा वितळून चिकट होतो, स्पीकरच्या कडेचा फोम दमट हवेत भुगा होऊन गळतो. असे नाशिवंत भाग बदलणे ही साधी देखभाल होय. तेवढ्यासाठी यंत्र मोडीत काढणे आम्हांस मान्य नाही. याउलट सीडी प्लेअरचा लेझर क्षीण झाला आणि तसा लेझर आता कुठेच बनत नसेल, तर हट्ट सोडावा. आम्हीही तो सोडलेला आहे.

परंतु खर्चाच्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट आम्हांला आमच्या टेपडेकने शिकवली. १९८६ साली आमच्या आजीच्या ओव्या आम्ही त्याच्यावर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. घरात जाते उरले नव्हते. आजी रिकामाच हात गोल फिरवीत गात होती आणि तिच्या बांगड्यांची किणकिण त्या फितीत उतरली होती. पट्टा बदलून, हेड नियमाप्रमाणे सरळ करून टेपडेक घरी आला. ओव्या ऐकू आल्या; बांगड्या नाहीशा झाल्या होत्या.

कारण कारागिराने सांगितले. आमच्या टेपडेकचे हेड मुळातच किंचित कलते होते, त्यामुळे ध्वनिमुद्रणही त्याच कलाने झाले होते. वाजवणारे हेड त्या कलाशी जुळले नाही की आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज हरपतात. त्याने फीत चालू ठेवून हेडचा बारीकसा स्क्रू कानाच्या अंदाजाने फिरवला. काही वेळाने बांगड्या वाजल्या.

नव्या डेकवरही हे साधले असते, हे आम्ही नाकारत नाही. पण हरवले काय, हे ठाऊक असणारे कोणीतरी शेजारी बसायला हवे होते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : डेक दुरुस्त करावा की टाकावा, हे ठरवण्यापूर्वी घरात केलेल्या, दुसरीकडे कुठेही न मिळणाऱ्या फिती बाजूला काढाव्यात, ज्यांनी ते मूळ आवाज ऐकले आहेत, त्यांना समोर बसवून त्यांची संगणकावर प्रत करून घ्यावी. मग डेकचे काय करायचे ते खुशाल खर्च पाहून ठरवावे. आजीच्या बांगड्यांचा आवाज ओळखणारे आमच्या घरात आता दोघेच उरले आहेत.