बाळाला दूध पाजणार कोण?



माझी मुलगी धुळ्याला दिलेली. बाळंतपणाला जळगावला माझ्याकडे होती. बाळ चौथ्या महिन्यात आलं आणि तिची नोकरीवर रुजू व्हायची तारीख जवळ आली. घरात जो तो म्हणू लागला, "आता बाटलीची सवय लावा." बाटली आली. नातवाने निपल जिभेने बाहेर ढकललं, पाठीची कमान केली आणि असा टाहो फोडला की शेजारच्या काकी धावत आल्या. तीन दिवस हेच चाललं. शेवटी मुलगीच रडायला लागली, "मम्मी, मी याला सोडून चालले म्हणून हा रागावलाय."

बाळ रागावलं नव्हतं. बाटली धरून बसली होती त्याची आईच. तिच्या अंगाला दुधाचा वास आणि तोंडात मात्र रबर, मग ते ऐकणार कसं? बाळाला दुसऱ्या तऱ्हेने दूध प्यायला शिकवणं हे आईचं काम नाहीच, असं मला वाटतं. ते आजीचं आहे, बाबांचं आहे. ती कामावर गेल्यावर घरी जो असेल, त्याचं आहे.

नोकरदार बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण आठ आठवडे आधी घेतले, तर बाळासाठी उरतात अठरा. दुकानात बसणाऱ्या किंवा घरी क्लास घेणाऱ्या सुनेला तेवढेही नाहीत. आणि पहिले सहा महिने तर बाळाला फक्त आईचंच दूध हवं, वरचं पाणीसुद्धा नको, आपल्या जळगावच्या मे महिन्यातही नको.

चौथ्या दिवशी मी मुलीला गच्चीवर पाठवलं आणि कपाटातलं सासूबाईंचं बोंडलं काढून उकळून घेतलं. बाळ फार भुकेलं नव्हतं, त्यामुळे चिडलेलंही नव्हतं. मांडीवर उभंसं धरलं, काढून ठेवलेलं दूध ओठाला लावलं. चाटलं, थांबलं, पुन्हा चाटलं. दोन चमचे गेले असतील, बाकी झबल्यावर. पण रडलं नाही.

बाटली देणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही. पण वाटी-चमचा किंवा बोंडलं जमत असेल, तर तेच बरं. निपलच्या खाचेत दूध अडकतं, नीट उकळलं नाही की बाळाला जुलाब. आपल्या देशात १९९२च्या कायद्याने दूधबाटलीच्या जाहिरातीवर बंदी आहे, ती उगीच नाही.

आता आपल्या घरांतली एक खास अडचण. दूध आलं की ते दोन घडींच्या आत तापवायचं, हे आपल्या हाताला लागलेलं वळण. विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी मुलीने काढलेलं दूध गॅसवर ठेवलं. प्रेमानेच. पण आईचं दूध उकळायचं नसतं, त्यातली बाळाला जपणारी द्रव्यं उकळल्याने कमी होतात. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं. द्यायच्या वेळी वाटी कोमट पाण्यात ठेवली की झालं. बाहेर चार तास चालतं म्हणतात, पण तो हिशेब २५ अंशांचा आहे. आपल्याकडे पारा ४४ला जातो, तेव्हा काढलं की थेट फ्रिज. बाळाने उष्टावलेलं दूध मात्र पुन्हा ठेवायचं नाही. डॉक्टर दोन तासांची मुदत देतात. आपल्याकडे उष्ट्याला ४८ मिनिटांचीच मर्यादा, ती पाळली तर अधिकच चांगलं.

रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण शौर्याची म्हणून सांगतो. दूध विकायला गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरली. आज एसटी स्टँडवर तिच्या नावाचे कक्ष आहेत. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, त्या रात्री बाळाला वाटीने दूध पाजणारं घरात कोणीच नव्हतं का?

मुलगी कामावर जायला लागली तेव्हा मी पंधरा दिवस धुळ्याला राहिले. जावईबापूंनी पहिल्या दिवशी अर्धी वाटी सांडली. दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "मम्मी, तुम्ही जरा बाहेरच्या खोलीत बसा. तुम्हाला बघून हा हसत बसतो, दूध पीत नाही."