वेलांटीचे सोवळे

आपल्या बीड जिल्ह्यातील एखाद्या वस्तीत विहारापुढे फलक लागतो. रंगविणारा तरुण सातवीपर्यंत शिकलेला. तो 'दीक्षाभूमि' असे ऱ्हस्व वेलांटीने लिहितो. शहरातून आलेला एखादा पदवीधर ते पाहून हसतो आणि म्हणतो, "ह्या लोकांना लिहिता कधी येणार?" पुढच्या वर्षी तो तरुण कुंचला हाती घेत नाही. आमचे भांडण त्या हसण्याशी आहे.

त्या पदवीधराला विचारा की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्या दिवशी शुद्ध रूप कोणते होते? 'भूमि' हेच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, तेव्हा 'कवि'चा 'कवी' झाला आणि 'भूमि'ची 'भूमी' झाली. त्याच नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. ज्या टिंबासाठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या छड्या खाल्ल्या, ते टिंब एका ठरावाने गेले!

इंग्रजीची मिजास सांगणाऱ्यांची गत निराळी नाही. कर्ज ह्या अर्थाचा 'डेट' हा शब्द घ्या. त्यातील 'बी' हे अक्षर कोणीही उच्चारीत नाही. तो शब्द फ्रेंचातून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिन कूळ दाखविण्यासाठी विद्वानांनी तो मागाहून घुसडला. आज तो गाळणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. खुद्द आपल्या जिल्ह्याचे नाव निजामी अमदानीतील इंग्रजी कागदांत 'बी-एच-आय-आर' असे आढळते. आज ते 'बी-ई-ई-डी' असे लिहितात. साहेबाने लिहिले की ते स्पेलिंग, आपण लिहिले की ती चूक!

हे हत्यार जुने आहे. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ साली निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या व्याकरणाची टर उडविली. प्रश्न शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा होता. चर्चा व्याकरणाची झाली.

त्याहून जुनी गोष्ट चुल्लवग्गात आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे गाऱ्हाणे नेले की, नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, तरी ते छंदसात घालावे. तथागतांनी त्या दोघांचीच कानउघाडणी केली, तसे करणे हा दोष ठरविला आणि स्वतःच्या बोलीत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. (बुद्धघोषाने येथे 'मागधी' असा अर्थ लावला आहे, आम्हांस सरळ अर्थच पटतो.)

आता थोडे आपल्या घराकडे पाहा. अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. आद्यकवी म्हणून त्यांचा गौरव होतो. त्याच मुलखातली आपली आई 'पानी' म्हणाली की शिकलेला मुलगा पाहुण्यांदेखत तिला 'पाणी' म्हणावयास लावतो! अरे, ज्या पाण्याला स्पर्श करण्यासाठी आपल्या लोकांना १९२७ साली महाडला जावे लागले, त्याचा उच्चार तू तिला शिकविणार?

मग शुद्ध लिहूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. लिहावयास शिका, कोश जवळ ठेवा, चुकलेले पुसून पुन्हा लिहा. बाबासाहेबांनी इंग्रजीवर जे प्रभुत्व मिळविले ते रात्रंदिवस वाचून. पण मुलाची चूक दाखवावयाची ती एकांतात दाखवा, आणि आधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.

एका जागी मात्र अक्षराची हयगय करू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि जातीच्या प्रमाणपत्रावर तिसरे, अशी उदाहरणे आपल्या ओळखीत कितीतरी असतील. चूक कारकुनाच्या लेखणीची, पण पडताळणीच्या वेळी हेलपाटे घालतो तो आपला मुलगा, आणि शिष्यवृत्ती अडते तीही त्याचीच. ह्या चुकीला कोणी हसत नाही. तिला 'लेखनिकाची नजरचूक' असे सभ्य नाव आहे. म्हणून दाखला हाती पडताच खिडकीपाशीच उभे राहून नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. मराठीही पाहा, इंग्रजीही पाहा. चूक निघाली तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या. अर्जात तुमची वेलांटी चुकली तरी चालेल. तारीख घातलेली पोच घेतल्यावाचून मात्र तेथून हलू नका.