पाठीवरची चूल

नर्मदेच्या परिक्रमेला निघणाऱ्यांमध्ये उतारवयाची माणसे पुष्कळ असतात. नोकरीतून निवृत्ती मिळते, मुलाबाळांची कार्ये उरकतात आणि वर्षानुवर्षे मनाच्या तळाशी ठेवलेला संकल्प वर येतो. मराठी वाचकाला तर हा संकल्प पुस्तकांनीच दिलेला असतो. गो. नी. दांडेकर यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ किंवा जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ वाचून ज्याच्या पायांना एकदाही खाज सुटली नाही, असा वाचक विरळा. जबलपूरच्या ग्वारीघाटावर हिवाळ्याच्या दिवसांत अशी माणसे दिसतात. घाटाच्या पायऱ्यांवर पाठीवरचे ओझे उतरवतात, स्नान करतात, नदीच्या पात्रातील देवळाकडे पाहून हात जोडतात आणि पुन्हा ओझे चढवून पूर्वेकडे चालू लागतात. ग्वारीघाट उत्तर तीरावर आहे आणि परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची असते. म्हणून येथून पुढची वाट प्रवाहाच्या उलट, मंडला आणि अमरकंटकाच्या दिशेने जाते.

या लेखाचा विषय त्यांचे पाय नसून त्यांची पाठ आहे. पूर्वीच्या परिक्रमावासीकडे झोळी, घोंगडी, कमंडलू आणि काठी एवढा संसार असे. आजच्या पदयात्रीच्या पाठीवर बंदांची सॅक असते, तिच्यात हलका तंबू, स्लीपिंग बॅग, गुंडाळीची चटई, आणि बहुतेकदा एक घडीची लहान शेगडी. या वस्तू गिर्यारोहकांसाठी घडवलेल्या आहेत. त्या हलक्या असतात, यात शंका नाही. परंतु दुकानाच्या काट्यावर हलकी ठरलेली वस्तू बासष्ट वर्षांच्या गुडघ्यावर हलकी ठरेलच, असे नाही. अशी वस्तू आपल्या वयाच्या शरीराने, आपल्या वाटेवर, चालून आणि वापरून पारखली पाहिजे. आणि त्या पारखीत शेगडीइतकी दुसरी कोणतीही वस्तू लक्ष देण्याजोगी नाही, असे माझे मत आहे.

प्रथम ओझ्याचा विचार करू. उतारवयात स्नायूंचे बळ हळूहळू ओसरते आणि तहानेची जाणीवही मंदावते. गुडघ्याचा हिशोब तर विलक्षण आहे. गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल व्यक्तींचा एक अभ्यास अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाला. शरीराचे वजन एक किलोने घटले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे त्यात आढळले. पाठीवरच्या पिशवीला हाच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा तीच आहे. पायांतल्या वजनाची गोष्ट आणखी निराळी. पायात घातलेला एक किलो वाहून नेण्यासाठी पाठीवरच्या एका किलोच्या चार ते सहापट श्रम पडतात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. एवढे असूनही महागडा तंबू घेऊन दोनशे ग्रॅम वाचवणारा गृहस्थ पायात दीड किलोचे बूट घालून निघालेला मी पाहिला आहे.

याच्या उलट उदाहरण एमा गेटवुड या अमेरिकन आजीबाईंचे. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या ॲपलाचियन पायवाट एकट्याने चालून गेल्या. ही वाट तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची. त्यांच्याजवळ तंबू नव्हता, स्लीपिंग बॅग नव्हती. घरी शिवलेली कापडी पिशवी एका खांद्यावर, पायात कापडी बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. दोन वर्षांनी त्या पुन्हा तीच वाट चालल्या. गेटवुडबाईंनी शेगडीही नेली नव्हती. सुके मांस, चीज, दाणे असे थंड खाऊन त्यांनी दिवस काढले. हलक्या ओझ्याचा पुरस्कार करणारे लोक त्यांचा दाखला देऊन म्हणतात, शेगडी सोडा. येथे मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि त्याचे कारण नर्मदेच्या काठावरच सापडते.

परिक्रमेच्या वाटेवर सदावर्ताची परंपरा आहे. आश्रम, देवळे, गावातली घरे परिक्रमावासीला शिधा देतात: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ. शिधा हा शब्दच लक्षात घ्यावा; तो कच्चा असतो. काठावरच्या माणसांनी धान्य द्यावे आणि चालणाऱ्याने आपल्या हाताने रांधून खावे, अशी ही वाटणी आहे. अनेक ठिकाणी आज शिजवलेले अन्नही प्रेमाने वाढले जाते, ही काठाची थोरवी. पण रात्री आठ वाजता दमून पोहोचलेल्या चौघांसाठी कुणाची तरी विझलेली चूल पुन्हा पेटते, तेव्हा ती पेटवणारी बाई दिवसभर शेतात राबलेली असते आणि सरपणही तिनेच डोक्यावरून आणलेले असते. उतारवयात घराबाहेर पडणाऱ्या माणसाला सर्वांत मोठी धास्ती असते ती आपण कुणावर भार होऊ याची. पहाटे चार वाजता औषधाच्या गोळीबरोबर घोटभर गरम पाणी हवे असेल, तर ते कुणालाही न उठवता स्वतःला करता यावे. म्हणून म्हातारपणी पाठीवरच्या इतर दहा वस्तू गेल्या तरी चालतील, चूल असावी.

पण कोणती? गेल्या दोन हिवाळ्यांत ग्वारीघाटाच्या मोकळ्या काठावर, पहाटेच्या वाऱ्यात, मी तीन प्रकारच्या शेगड्या पेटवून पाहिल्या: गॅसच्या डब्यावर बसवायची, स्पिरिटची आणि काटक्यांची. आमच्या घरी एके काळी पंपाचा स्टोव्ह होता. काकडा पेटवून, पिन मारून त्याला सुरू करण्याचे कौशल्य आईजवळ होते. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेल्या प्रायमस स्टोव्हचा तो वंशज. तेन्सिंग आणि हिलरी यांच्या १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमस होते. मात्र तो जड असतो आणि रॉकेल आता खेड्यातही सहज मिळत नाही. त्याला मी या परीक्षेत बसवलेच नाही.

गॅसची शेगडी सर्वांत चपळ. शंभर ग्रॅमच्या आसपास वजन, काडी लावताच निळी ज्योत. साध्या ब्युटेन वायूच्या डब्याचा एक दोष मात्र ठाऊक असावा. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ द्रवच राहू पाहतो. अमरकंटकाच्या थंडीत डबा भरलेला असूनही ज्योत मलूल होते. दुसरी अडचण उंचीची. डब्यावर शेगडी, शेगडीवर भांडे अशी उतरंड रचली जाते. ज्याचा हात थोडा थरथरतो, ज्याला उकिडवे बसून उठताना काठीचा आधार लागतो, त्याने त्या उतरंडीवर उकळते पाणी ठेवणे मला धोक्याचे वाटते. तरीही दोन-तीन दिवसांच्या फिरस्तीला ही शेगडी उत्तम. लांबच्या वाटेचा हिशोब मात्र करून पाहावा. एक लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. उष्णतेचा निम्मा भाग वाया जातो असे धरले, तर दिवसाला दोन लिटर पाण्यामागे तीस ग्रॅम गॅस होतो. २३० ग्रॅम गॅसचा डबा आठवडाभर पुरेल. परिक्रमा सुमारे २६०० किलोमीटरांची. रोज वीस किलोमीटर चालले तरी १३० दिवस. म्हणजे सतरा-अठरा डबे. ते वाटेवरच्या कोणत्या किराणा दुकानात मिळणार?

आणि घरून आणावे म्हटले, तर रेल्वेच्या डब्यात गॅस, रॉकेल, स्पिरिट असे ज्वलनशील पदार्थ नेण्यास कायद्याने मनाई आहे. ही मनाई कागदापुरती मानणाऱ्यांनी २६ ऑगस्ट २०२३ ची मदुराईची घटना आठवावी. लखनौहून आलेल्या पर्यटकांच्या डब्यात लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जणांचा बळी गेला. महाराष्ट्रातून जबलपूरला येणारा यात्री बहुधा रेल्वेनेच येतो. त्याने शेगडी आणावी, इंधन आणू नये.

स्पिरिटची शेगडी दिसायला अगदी निरुपद्रवी: तळहातावर मावणारी वाटी, मोडण्यासारखा एकही भाग नाही. वाऱ्याला आडोसा केला तर चहापुरते पाणी संथपणे तापते. आडोसा काढला की ग्वारीघाटाचा वारा ज्योत आडवी पाडतो आणि पाणी कोमटच राहते. पण माझा आक्षेप वेगळा आहे. स्पिरिटची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. शेगडी विझली असे समजून तिच्यात पुन्हा स्पिरिट ओतले जाते आणि भडका उडतो. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या माणसाच्या हाती ही वस्तू देऊ नये. त्यातून अंगात नायलॉनचे जॅकेट असेल तर ते वितळून कातडीला चिकटते. जुन्या घोंगडीचे येथे कौतुक वाटते. लोकर सहसा भडकून पेटत नाही. ओली झाली की ती दुप्पट जड होते, हेही सांगितले पाहिजे.

तिसरी काटक्यांची शेगडी. पोलादी पत्र्याची, घडी होणारी, तळाला रुंद, तीन-चारशे ग्रॅमांची. ती काजळी धरते, धूर डोळ्यांत जातो, आणि पावसाळ्यात ती रुसते. मात्र चातुर्मासात परिक्रमावासी मुक्काम करून राहतात, म्हणून शेवटचा दोष फारसा आड येत नाही. तिचा मोठा गुण असा की इंधन पाठीवर नसते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा भांड्याला मिळतो; आडोशाच्या शेगडीत तो दुप्पट होऊ शकतो. दिवसाच्या दोन लिटर पाण्याला पाव किलो वाळक्या काटक्या पुरतात. बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या वाळूत, बांधावर, झाडाखाली पडलेल्या मिळतात. त्यासाठी कुणाच्या सरपणाच्या भाऱ्याला हात लावावा लागत नाही. गोवरीचा तुकडाही चालतो. जबलपूरच्या परिसरात गोवऱ्यांवर भाजलेले गक्कड आणि वांग्याचे भरीत ज्याने खाल्ले आहे, त्याला गोवरीची थोरवी सांगायला नको. राखीव जंगलात मात्र विस्तव पेटवणे १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. चूल पेटवायची ती गावाच्या, आश्रमाच्या अंगणात किंवा उघड्या वाळूवर. उतारवयाच्या लांब पल्ल्याच्या पदयात्रीसाठी मी हीच शेगडी निवडीन.

चूल हलकी करण्याचा खरा उपाय तर स्वयंपाकात आहे, आणि तो आपल्या आज्यांना ठाऊक होता. सातूचे पीठ, पोहे, मेतकूट यांना विस्तव लागतच नाही किंवा फार थोडा लागतो. मुगाची डाळ दुपारी भिजत घातली तर संध्याकाळी निम्म्या वेळात शिजते. भाताला एकदा खळखळून उकळी आली, की घट्ट झाकणाचे भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवावे. अर्ध्या-पाऊण तासात तो आपल्या उष्णतेनेच शिजतो, आणि नंतर घोंगडीही अंगावर घ्यायला उबदार मिळते. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंच आहे. तेथे पाणी सुमारे शहाण्णव-सत्त्याण्णव अंशांवरच उकळते आणि डाळ हट्टी होते. तेथे ही युक्ती विशेष कामी येते.

परिक्रमा सलगच केली पाहिजे, असेही नाही. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने चालण्यास प्रारंभ केला आणि सुट्यांमध्ये थोडे थोडे चालत नदीचे काठ पायाखाली घातले. पंचाहत्तरीच्या सुमारास ते पत्नीसह पुन्हा त्या काठांवर उतरले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी प्रथम चाललेल्या वाटेचा मोठा भाग पुढे बरगी धरणाच्या जलाशयाखाली गेला; आता तेथून जाणाऱ्याला वळसा घालून लांबची चाल चालावी लागते, वस्त्या दूर दूर पडतात. अशा टप्प्यात दोन वेळचे धान्य आणि पाणी पाठीवर घ्यावेच लागते. ओझ्याची परीक्षा म्हणून त्या आधीच व्हावी.

ती ग्वारीघाटावर सोयीची होते. साठी ओलांडलेल्याने पाण्यासह सारे ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शात बसवावे, असे मला वाटते. साठ किलोच्या माणसाला सहा किलो. असे ओझे घेऊन घाटाच्या पायऱ्या चढाव्यात आणि मुख्यतः उतराव्यात, कारण गुडघा उतरताना बोलतो. दिवसभर चालून परत यावे, रात्र उघड्यावर किंवा धर्मशाळेत काढावी आणि पहाटे अंधारात, चष्मा न शोधता, थंड बोटांनी आपली चूल पेटवून पाहावी. असे तीन दिवस करावे. त्या तीन दिवसांत पिशवीबाहेरही न निघालेल्या वस्तूंचे वेगळे गाठोडे बांधावे. शहर जवळ आहे, टपालाने ते घरी पाठवता येते. बरगीच्या पुढे ही सोय सहजी मिळत नाही.