हंडा भरतो, डुक्कर भरत नाही

नागालँड, मेघालयातल्या कित्येक घरांत सकाळी दोन चुली पेटतात. एक माणसांसाठी, दुसरी डुकरांसाठी. बाया रानातून अळू आणि रताळ्याचे वेल आणतात, बारीक चिरतात, त्यात तांदळाचा कोंडा टाकतात आणि मोठ्या हंड्यात शिजवतात. कच्च्या अळूनं डुकराचाही घसा खाजतो, त्यामुळे शिजवणं चुकत नाही. सरपणही त्यांनीच वाहायचं.

एवढे कष्ट उपसूनही अशा खाण्यावर देशी डुकराचं वजन दिवसाला शंभर-दोनशे ग्रॅमच वाढतं. समतोल आहारावरचं संकरित जनावर चारशे ग्रॅम सहज ओलांडतं. मग सगळा दोष देशी जातीच्या माथी मारला जातो. गुवाहाटीजवळच्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रानं हॅम्पशायर आणि घुंगरू यांच्या संकरातून ‘राणी’ हे वाण तयार केलं. वाण उत्तम आहे, पण त्याच्याही पुढ्यात नुसता अळू-कोंडा आला तर त्याची वाढ खुंटणारच.

कारण पोटातच आहे. गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव साध्या चाऱ्यापासूनही प्रथिनं तयार करून देतात. डुकराला ती सोय नाही. लायसिनसारखी अमिनो आम्लं त्याला खाद्यातूनच मिळावी लागतात. वाढत्या पिलाला सोळा ते अठरा टक्के प्रथिनं हवीत. पाणीदार अळूनं पोट फुगतं, कोंड्यातून ऊर्जा मिळते, पण मांस चढायला लागणारं प्रथिन कमीच पडतं.

उपाय आवाक्यातले आहेत. रोजच्या खाण्यात मोहरीची किंवा सोयाबीनची पेंड, सुकी मासळी थोडी तरी पडावी. अळू सुकवून, कोंडा मिसळून, हवाबंद करून त्याचा मुरघास केला तर खाज कमी होते आणि रोजचं सरपण वाचतं. घरातलं खरकटं मात्र नीट उकळूनच घालायचं. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर अशा खरकट्यातूनही पसरतो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरं होती, त्यांतली २१ लाख एकट्या आसामात. ईशान्येत ती बहुतेक दोन-चार जनावरांच्या घरगुती खुराड्यांतच वाढतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं ३० लाखांपर्यंतचं अनुदान मात्र शंभर माद्या आणि दहा नरांच्या प्रकल्पाला मिळतं. दोन डुकरं पाळणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? तिला स्वस्त दरात पेंडीचं पोतं आणि मुरघासाचं गावातच प्रशिक्षण द्या. नव्या वाणाची पिल्लं वाटण्याआधी सरकारनं हे करायला हवं.