व्यवहार-विवेक : बंडी हवी की दमणी?

वऱ्हाडातील जुन्या व्यापारी घरांच्या वाड्यात दोन गाड्या असत. मालासाठी बंडी आणि माणसांसाठी दमणी. बंडीत पाहुण्यांना बसवीत नसत आणि दमणीवर सरकीची पोती लादीत नसत. बैल कदाचित तेच असतील, पण गाडी कामाप्रमाणे बदलत असे. दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घेण्याचा मोह त्या पिढीला फारसा पडला नाही. आज तो मोह शोरूमच्या काचेआड उभा आहे. पुढे पाच आसनांची थंडगार केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना मिळणारी ताकद आणि चिखल तुडवीत डोंगर चढणाऱ्या गाडीचे भव्य छायाचित्र.

बार्शीटाकळीतील असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. बी-बियाणे, खते, पाइप आणि पंप यांचे तिसऱ्या पिढीतील दुकान. जुनी पिकअप थकली आहे, नवी घ्यायची आहे. थोरल्या मुलाचे म्हणणे असे, “बाबा, एकदाच घ्यायची तर चांगली घ्या. पावसाळ्यात पाणंदीत गाडी फसते, म्हणून फोर व्हील ड्राइव्ह हवी. घरच्यांना शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला न्यायचे तर तीच गाडी चालेल.” काकांचे मत अगदी उलट. त्यांच्या हिशेबी ज्या प्रकारात कमीत कमी सोयी आणि कमीत कमी किंमत, तोच खरा. वडील दोघांचे ऐकून गप्प होते. खरिपाच्या खरेदीसाठी राखलेला पैसा कोणत्याही वाटेने गाडीत अडकणार, ही त्यांची चिंता होती आणि ती बोलून दाखविणे त्यांना जड जात होते.

अशा वेळी निर्णय मतांवर सोडू नये, वहीवर सोडावा. त्या घरी जुन्या गाडीच्या फेऱ्यांची नोंद होती. वडिलांनी मुलालाच ती वर्षभराची वही वाचायला लावली आणि प्रत्येक फेरीपुढे तीन गोष्टी लिहावयास सांगितल्या: वजन किती, रस्ता कसला आणि गाडीत माणसे किती.

पहिली गोष्ट वजनाची. गाडीच्या नोंदणी पुस्तिकेत रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक हीच गाडीची खरी कुवत. त्या फरकातच बसणाऱ्या माणसांचे वजनही मोजावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डीएपीचे पोते ५० किलोचे, म्हणजे २० पोत्यांचा १ टन होतो. मालवाहू बोलेरो पिकअप, मॅक्स पिकअप किंवा टाटा योद्धा या गाड्या प्रकारानुसार साधारण सव्वा टनापासून २ टनांपर्यंत माल नेतात. दुहेरी केबिनची बोलेरो कॅम्पर सुमारे १ टन नेते. याउलट इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांची किंमत साध्या पिकअपच्या दुपटीहून अधिक असूनही त्यांची मालाची कुवत मालवाहू पिकअपपेक्षा पुष्कळ कमी असते. दमणीला बंडीचा आकार दिला म्हणून ती बंडी होत नाही. वहीतील बहुतेक फेऱ्या टनाच्या पुढच्या निघाल्या, तेव्हा निम्मा प्रश्न तेथेच सुटला.

दुसरी गोष्ट इंजिनाची. मोठे इंजिन म्हणजे अधिक ताकद असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. बोलेरो पिकअपचे इंजिन २,५२३ सीसीचे, तरी त्याची शक्ती ७५ ते ८० अश्वशक्तीच्या आसपास. व्ही-क्रॉसचे इंजिन १,८९८ सीसीचे, पण शक्ती १६३ अश्वशक्ती. हायलक्सचे २,७५५ सीसीचे इंजिन २०४ अश्वशक्ती देते. पहिले इंजिन सावकाश चालून ओझे ओढण्यासाठी बांधलेले आहे, तर दुसऱ्या दोहोंची बांधणी महामार्गावरील वेगाचाही विचार करून केलेली आहे. ओझ्याच्या कामात अश्वशक्तीपेक्षा टॉर्कचा, म्हणजे चाक फिरविणाऱ्या पिळाचा आकडा पाहावा आणि तो इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो हेही विचारावे. कमी फेऱ्यांवर मिळणारा पिळ भरलेल्या गाडीला चढावर उपयोगी पडतो. चार हजार फेऱ्यांवरची अश्वशक्ती बाजाराच्या गल्लीत कोणाच्याही कामाची नसते. शिवाय एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आल्यावर अनेक डिझेल इंजिनांत काजळी अडविणारी गाळणी आली. ती स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून सलग लांब धावावी लागते. दुकान ते गोदाम एवढ्याच फेऱ्या असतील, तर हा प्रश्न विक्रेत्याला आधीच विचारावा. अधिकृत कार्यशाळा किती किलोमीटरवर आहे, हाही प्रश्न इंजिनाच्याच निवडीचा भाग आहे.

तिसरी गोष्ट चारचाकी ताकदीची, आणि मुलाचा सारा आग्रह तिच्यावरच होता. तालुक्यातील काळी जमीन पावसात कशी होते, हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. पण वही काय सांगत होती? सोयाबीन ऑक्टोबरात निघते, कापूस दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे काही महिने चालतो, तूर जानेवारीनंतर येते. पाइप आणि पंपांची मागणी प्रामुख्याने रब्बी व उन्हाळ्यातली. म्हणजे शेताच्या बांधापर्यंत जड माल नेण्याच्या फेऱ्या कोरड्या महिन्यांत होत्या. जून-जुलैत बियाणे आणि खत नेण्यासाठी शेतकरी स्वतःच दुकानावर येत होते. चिखलात जावे लागले असे दिवस वर्षभरात नऊच निघाले, आणि त्यांपैकी बहुतेक वेळा माल उद्यावर टाकता आला असता.

याच वेळी घरच्या जुन्या चालकाला विचारले गेले. तो म्हणाला, “शेठजी, गाडी ताकदीपायी नाही फसत, टायरापायी फसते. अन् रिकामी असली का लवकर फसते.” त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. साध्या पिकअपमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर दाब नसतो, मग ती जागच्या जागी फिरतात. झिजलेल्या टायरांच्या खाचा काळ्या मातीने भरल्या की चार चाकांना ताकद दिली तरी चारही घसरतात. फोर व्हील ड्राइव्ह निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. महान-पिंजरकडच्या चढउताराच्या भागात भर पावसात रोज पंपदुरुस्तीला जावे लागणाऱ्या व्यावसायिकाने ती अवश्य घ्यावी. कॅम्पर आणि योद्धा यांत तसे प्रकार निघालेले आहेत. पण वर्षातील नऊ दिवसांसाठी उरलेल्या दिवसांत जादा वजन, जादा डिझेल आणि जादा देखभाल वाहणे हा व्यापार नव्हे. त्या नऊ दिवसांसाठी ट्रॅक्टर भाड्याने मिळतो.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या चार महिन्यांत चिखल असतो, तोच आपला चातुर्मास. जमीन जीवजंतूंनी आणि कोवळ्या अंकुरांनी भरलेली असते, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवितात आणि अनेक श्रावक जाण्यायेण्याची मर्यादा घालून घेतात. व्यापाऱ्याला दुकान बंद ठेवता येत नाही, हे खरे. परंतु नेमक्या त्या महिन्यांत शेते तुडविता यावीत यासाठी लाखो रुपये अधिक मोजण्यापूर्वी क्षणभर थांबावयास हरकत नाही.

आता पैशाचा विचार. जादा ५ लाख रुपये १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,६२४ रुपये वाढतो आणि व्याजापोटी १,३७,००० रुपयांवर रक्कम जाते. हप्ता दर महिन्याला येतो; वऱ्हाडातील दुकानदाराची उधारी मात्र जूनमध्ये जाते आणि दिवाळीनंतर परतते. म्हणून हप्ता ठरविताना वार्षिक नफा न पाहता ऑगस्ट-सप्टेंबरची गल्ल्यातील शिल्लक पाहावी. आणि कॅश क्रेडिट खात्यातून गाडी कधीही घेऊ नये. ती मर्यादा मालासाठी असते. ती गाडीत अडकली की हंगामात माल भरायला पैसा उरत नाही, आणि चांगली चाललेली दुकाने अशाच वेळी अडचणीत येतात.

मालवाहू म्हणून नोंदलेल्या वाहनावर भरलेला जीएसटी नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला वजा करून घेता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील हा दर २८ वरून १८ टक्के झाला आहे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही वजावट नाही, आणि करमुक्त मालाची विक्री असेल तर त्या प्रमाणात ती सोडावी लागते. माणसांच्या वाहतुकीसाठी असलेल्या १३ पर्यंत आसनांच्या वाहनावर अशा व्यापाऱ्याला ती मिळत नाही. जीएसटीची वजावट घेतली, तर तेवढ्या रकमेवर घसारा धरता येत नाही. स्वतःच्या धंद्यातील वाहनावर घसाऱ्याचा सर्वसाधारण दर १५ टक्के. पण वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच मिळतो. धनत्रयोदशीच्या मुहूर्ताची ही किंमत माहीत असावी. मुहूर्त मोडावा असे नाही.

राहिला प्रश्न सोयींच्या प्रकारांचा, ज्यांना कंपन्या निरनिराळी झळाळती नावे देतात. येथे काकांची काटकसरही अपुरी ठरली, आणि ती उघडी पाडली घरच्या वहिनींनी. त्या म्हणाल्या, “काकाजी, मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आपण दुकानात पंख्याखाली बसतो; गाडीत दिवसभर तो माणूस बसतो.” त्यातून त्या घराने एक साधी कसोटी काढली. ज्या सोयीचा संबंध जिवाशी आहे तिच्यात कसर नको: ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, पॉवर स्टिअरिंग आणि चालकासाठी एसी. ज्या सोयीचा संबंध शेजाऱ्यांच्या नजरेशी आहे तिच्यावर खर्च नको: चकचकीत पट्ट्या, शोभेची चाके, मोठा पडदा.

शेवटी त्या घराने मागच्या चाकांना ताकद असलेली, दीड टनाच्या कुवतीची, एसी केबिनची मधल्या प्रकारातील पिकअप घेतली आणि वाचलेल्या रकमेतून चांगल्या खाचांचे टायर बसविले. शिरपूरला जाण्यासाठी भाड्याची गाडी ठरली. मालाच्या हौद्यात माणसे बसवायची नाहीत, हाही नियम झाला. कारण तशा प्रवाशाला अपघातात विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही, आणि गेलेला जीव तर कोणताच विमा परत देत नाही.

मुलाने वहीच्या पहिल्या पानावर गाडीची कुवत लिहून ठेवली. जादा भार भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. पण वडिलांनी त्याला दंडाचे कारण सांगितले नाही. त्यांनी अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांची आठवण दिली: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. चौथा अतिचार बंडीच्या बैलासाठी सांगितलेला आहे. आज बैल नाही, पण भरलेल्या गाडीच्या ब्रेकवर चालकाचा आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव असतो. परिग्रहाचे परिमाण जसे आपले आपण ठरवावयाचे, तसे गाडीच्या भाराचेही. ते एकदा ठरले की कोणती गाडी घ्यावी हे विक्रेत्याला विचारावे लागत नाही.

जय जिनेंद्र.